सोपानमामांचा भोकाचा पैसा

आकुर्डीच्या एका लग्नात सोपानराव वहिले पंगतीला माझ्या शेजारी बसले होते. पत्रावळीवर भात पडला, वरण पडलं, बुंदी पडली, 'हरहर महादेव' झालं. सगळ्यांचे हात पानाकडे गेले आणि सोपानरावांचा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला. त्यांनी सुतळीला बांधलेला, घोड्याच्या नालेसारखा वाकलेला एक चुंबक बाहेर काढला आणि तो पानाभोवती, मग भातावरून, मग बुंदीवरून सावकाश फिरवायला सुरुवात केली. समोरच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याला वाटलं, चित्राहुतीसारखा काही विधी चालला असावा. त्या बिचाऱ्याने हातातला घास खाली ठेवून नमस्कार केला.

वाढप्या थांबला. "पाव्हणं, पानात काय पडलंय का?"

"आजून न्हाई," सोपानराव म्हणाले. "पर पडल्यावर इचारून काय उपेग?"

मग मला न विचारताच त्यांनी चुंबक माझ्या बुंदीवरून फिरवला आणि "खा आता. भिऊन खा, पर खा," असं म्हणून परवानगी दिली. त्या दिवशी मी बुंदी चावली नाही, जिभेने चाचपली.

सोपानराव आमच्या कारखान्यात लोखंड बघायच्या कामावर होते. आम्ही त्यांना सोपानमामा म्हणत असू. हे सगळं पन्नास सालानंतरच्या चार-सहा वर्षांतलं. तेव्हा पिंपरी-चिंचवडला आजच्यासारखी कारखान्यांची गर्दी नव्हती. रेल्वेच्या रुळांना लागून बाभळी, पलीकडे ज्वारीची रानं आणि मध्येच आमची पत्र्याची शेड. शेडीत कुत्र्यांची बिस्किटं होत.

आमचे शेठ फाळणीनंतर सिंधमधून अंगावरच्या कपड्यांनिशी पिंपरीच्या कँपात आलेले. त्यांनी कारखाना काढला तो माणसांच्या बिस्किटांचा. पण पहिलीच बिस्किटं अशी उतरली की चहात बुडवली तरी कपाला तडा जाईल, बिस्किटाला जायचा नाही. दुकानदारांनी डबे परत पाठवले. एकाने मात्र कळवलं, की माझ्या कुत्र्याने आवडीने खाल्ली, आणखी पाठवा. शेठ धंद्याचा माणूस. त्यांनी महिन्याभरात पाटी बदलली. कोंडा, ज्वारीचं पीठ आणि हाडांची भुकटी यांची जाड बिस्किटं खडकी, देहूरोड, पुण्याचा कँप अशा ठिकाणच्या बंगल्यांत जाऊ लागली. माणसं रेशनच्या रांगेत उभी आणि कुत्र्यांना बिस्किटं, म्हणून गावात लोक आम्हाला हसत. माझी आई शेजारपाजारी एवढंच सांगायची, की मुलगा बिस्किटांच्या कंपनीत पॅकिंगला आहे. कुणाच्या बिस्किटांच्या, हे तिने शेवटपर्यंत कुणाला कळू दिलं नाही.

हाडांची भुकटी बाहेरून पोत्यांनी यायची आणि त्या पोत्यांत काय निघेल याचा नेम नसे. घोड्याच्या नालेचा खिळा, तारेचा तुकडा, बिजागरी, एकदा तर अर्धं कुलूप निघालं. ते बिस्किटात गेलं तर कुत्र्याच्या आतड्याचं काय होईल ते सांगायला नको. म्हणून चाळणी, चाळणीखाली मोठा चुंबक आणि चुंबकापाशी सोपानमामा, अशी व्यवस्था होती. लढाईच्या दिवसांत मामा खडकीला दारूगोळ्याच्या कामावर होते. तिथे एका खिळ्याच्या ठिणगीने माणसं उडायची भीती, म्हणून दारातच प्रत्येकाला झाडून घेत. लढाई संपली, मामांची नोकरी सुटली, भीती सुटली नाही. ती त्यांनी आमच्या शेडीत आणली आणि आम्हा सगळ्यांना वाटून दिली.

"भ्या की राव जरा," हे त्यांचं पालुपद. कुणी हसत हसत कामावर आला की मामा म्हणत, "हसा, पर भिऊन हसा." दुसरं एक वाक्य ते बोट वर करून सांगत, "लोखंड बोलतंय. चुंबक दावला की लगीच ओ देतंय. तांबं-पितळ मुकं असतंय. मुक्याला भ्यावं."

सकाळी दारात मामा उभे. किल्ल्या काढा, चुन्याची डबी काढा, कानातली बाळी काढा. बायकांनी केसांतले आकडे काढायचे, जोडवी काढून कनवटीला बांधायची. त्यांच्या स्वतःच्या गळ्यात तुळशीची माळ होती. तिची तांब्याची तार काढून त्यांनी मणी दोऱ्यात ओवून घेतले होते. एकदा त्यांनी चाळणीवरच्या गंगूबाईला मंगळसूत्र काढायला सांगितलं. गंगूबाई मोशीची, तोंडाची फटकळ.

"आन घरी धन्याला काय सांगू, मामा?"

"सांग की, कुत्र्यापायी काढलं."

गंगूबाईने हातातली चाळणी उगारली आणि मामा कोंड्याच्या पोत्यांमागे गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी कापडाची एक बारीक नळी शिवून आणली आणि गुपचूप तिच्यापुढे ठेवली. मंगळसूत्र तिच्यात ओवून गळ्यात घालायचं. ते काढून ठेवायला नको आणि मणी सांडायचेही नाहीत. टाके इतके बारीक होते की गंगूबाईने नळी उलटसुलट करून पाहिली आणि तिथेच मंगळसूत्र तिच्यात ओवलं.

आता या माणसाची खरी गंमत सांगतो. सोपानमामा लोखंडाला जेवढे भीत, त्याच्या दसपट कुत्र्याला भीत. रस्त्यात पिल्लू जरी दिसलं तरी ते बांध ओलांडून ज्वारीच्या रानातून वळसा घालून येत. ज्या प्राण्याच्या पोटासाठी हा माणूस दिवसभर जीव टांगणीला लावी, तो प्राणी समोर आला की हा बांधापलीकडे. मी एकदा चिडवलं, तेव्हा ते गंभीरपणे म्हणाले, "माझं काम पोटाशी हाय. दाताशी न्हाई."

मुक्या धातूचं काय करायचं, ही मामांची चिंता शेठच्याही डोक्यात शिरली. त्यांनी पुण्याच्या जुन्या बाजारातून लष्कराने टाकून दिलेलं सुरुंग शोधायचं यंत्र आणलं. लांब दांडा, दांड्याला थाळीएवढी तबकडी, पाठीवर घ्यायची बॅटरीची पेटी आणि कानांवर लावायच्या दोन वाट्या. धातू कुठलाही असो, तबकडी जवळ गेली की कानात शिट्टी. मामांनी ते यंत्र आलं त्या दिवशी त्याला हळदकुंकू वाहिलं. मुक्याला वाचा फोडणारं आलं म्हणाले. पण आमची शेड पत्र्याची, खांब लोखंडी, भट्टी लोखंडी. यंत्र सुरू केलं की जे केकाटायचं ते बंद करेपर्यंत. गंगूबाई म्हणाली, "ह्यापरीस कोल्हा पाळा." शेवटी ते कापडात गुंडाळून खुंटीला टांगून ठेवलं.

आणि मग ती खंडेनवमी आली.

खंडेनवमीला कारखान्यात काम बंद. हत्यारं घासूनपुसून मांडायची, मशीनला झेंडूची माळ, कुंकवाचे पट्टे, नारळ. पीठ कालवायच्या मशीनवर सगळ्यांचा जास्त जीव, कारण तिचीच सगळ्यांना धास्ती. तिच्या पात्यात आदल्या साली एकाची दोन बोटं गेली होती. म्हणून पूजा मामांच्या हातून, वयाने मोठे म्हणून. त्यांनी मशीनच्या तोंडाच्या काठावर विडा मांडला. दोन पानं, त्यावर सुपारी, त्यावर पैसा. तेव्हा चालायचा तो तांब्याचा, मध्ये भोक असलेला पैसा. मामांनी हात जोडले आणि पुटपुटले, "बाई, वर्सभर कुनाचं बोट मागू नगंस."

दुसऱ्या दिवशी दसरा. दसऱ्याला मशीन मुहूर्तापुरती चालवायची आणि तो एक घाणा विकायचा नाही, बांधलेल्या गिऱ्हाइकांना आपट्याच्या पानासोबत भेट पाठवायचा, असा आमच्या शेठचा रिवाज. मुहूर्ताचा घाणा झाला, बिस्किटं भाजली, संध्याकाळी टांग्यातून चार बंगल्यांवर गेली. आम्ही सोनं वाटून घरी गेलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी गंगूबाई मशीनवरचं निर्माल्य काढत होती. तिने हाक मारली.

विडा जागेवर नव्हता. मशीनच्या हादऱ्याने तो आत सरकला होता. विड्याच्या पानाची शीर पात्याला चिकटलेली सापडली. सुपारीचा चुरा तळाशी सापडला. पैसा सापडला नाही.

सोपानमामा मशीनकडे बघत राहिले. माणूस पांढराफटक पडतो म्हणतात, तो मी त्या दिवशी पाहिला. ज्याने आमच्या कानातल्या बाळ्या काढून घेतल्या, ज्याने देवाच्या माळेची तार काढली, त्याने स्वतःच्या हाताने तांब्याचा पैसा मशीनच्या तोंडाशी ठेवला होता. आणि आम्ही पंचवीस माणसं भोवती हात जोडून उभे होतो, एकाच्याही लक्षात आलं नव्हतं.

"मामा, तुमाला बी दिसला न्हाई व्हय?" गंगूबाई म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता.

"दिसला की," मामा म्हणाले. "पर त्यो देवाचा पैसा व्हता. देवाम्होरं ठेवलं की ते तांबं ऱ्हातंय का?"

आम्हालाही तसंच वाटलं होतं.

मामा स्वतःच शेठकडे गेले. शेठ ओरडतील असं वाटलं होतं. ते ओरडले नाहीत. पोत्यावर बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. "मामा," ते म्हणाले, "एक कुत्ता मरा, तो सारे बंगले बंद. मैं एक बार सब छोड़के आया हूँ. दूसरी बार की ताकत नहीं है मुझमें." माझं लग्न ठरलेलं होतं, घरात मिळवता मी एकटा. शेडीतल्या प्रत्येक माणसाचं थोड्याफार फरकाने तेच. पंचवीस घरांच्या चुली एका भोकाच्या पैशापाशी येऊन थांबल्या होत्या आणि तो पैसा कुठल्या तरी कुत्र्याच्या ताटात होता.

मी आणि मामा सायकलवरून निघालो. मामा मागे, कॅरिअरवर. खडकीच्या पहिल्या बंगल्याच्या फाटकावर 'कुत्र्यापासून सावध' अशी पाटी होती. मामा खाली उतरले आणि म्हणाले, "तू जा. म्या हितं सायकल धरतो." दुसऱ्या बंगल्यावर तेच, तिसऱ्यावर तेच. मी काही शूर नाही. पण मामांच्या चेहऱ्याकडे पाहिलं की कुत्रा परवडला असं वाटायचं. नशिबाने तिन्ही ठिकाणी बिस्किटं सगळी शिल्लक होती. आम्ही ती रस्त्याच्या कडेला दगडावर ठेवून हातोडीने फोडली. जाणारे-येणारे थांबून बघत. दोन बाप्ये भर उन्हात बिस्किटं फोडताहेत आणि प्रत्येक तुकडा डोळ्यांजवळ धरून बघताहेत. पैसा निघाला नाही. प्रत्येक बिस्किटागणिक मामा आणखी खाली बघू लागले, कारण आता एकच बंगला उरला होता.

तो देहूरोडला होता. बंगला कसला, माळाला लागून छोटं कौलारू घर. तिथे लष्करी इस्पितळातून निवृत्त झालेल्या एक मॅट्रनबाई राहत. ख्रिस्ती, अविवाहित, ताठ कण्याच्या. त्यांच्याकडे मेजर नावाचा अल्सेशियन होता. मी आत जाऊन चाचरत सगळं सांगितलं.

"बिस्किटं संपली," बाई म्हणाल्या. "दसऱ्याच्या रात्रीच सगळी खाल्ली त्याने. आणि तेव्हापासून त्याने अन्नाला तोंड लावलेलं नाही."

मेजर ओसरीवर पडला होता. त्याने मान वर केली नाही.

बाहेर येऊन मी मामांना सांगितलं. ते फाटकाबाहेरच्या दगडावर बसले. "म्या मारला त्येला," एवढंच म्हणाले. मी धीर द्यायला गेलो, पण मलाच धीर नव्हता. मनात मेजर मेलेला होता, शेडीला कुलूप लागलेलं होतं आणि माझं लग्न मोडलेलं होतं.

मॅट्रनबाई फाटकापाशी आल्या. त्यांनी मामांना आपादमस्तक पाहिलं.

"पैसा तुम्ही टाकलात?"

"व्हय, बाई."

"मग रोज यायचं. पैसा पोटातून पुढे सरकेल, नाहीतर अडकेल. काय बाहेर पडतं ते बघायला माणूस लागेल. मी बघणार नाही. तुम्ही बघायचं."

अशा रीतीने चिंचवडच्या कारखान्यातली एक जुनी चाळणी देहूरोडला गेली. मामा कामावर येण्याआधी आणि सुटल्यावर तिथे जात. बाई कुत्र्याला माळावर सोडत, तो लांब गेला की मामा चाळणी घेऊन पुढे होत. ते वर्णन मी इथेच थांबवतो. शेडीत आम्ही मामांची वाट बघत असू. ते दारात आले की सगळे हात थांबत. मामा मान हलवत. सापडला नाही. मेजर नुसतं पाणी पीत होता. गंगूबाईने नवस बोलला. शेठ रोज टांगा करून पुण्याला जात आणि कुठल्याच गिऱ्हाइकाला तोंड न दाखवता परत येत.

मग एक दिवस मामा सकाळऐवजी थेट दुपारी आले. "पडून हाय. उठत न्हाई," म्हणाले आणि खुंटीवरचं यंत्र काढायला लागले.

बॅटरीची पेटी माझ्या पाठीवर आली. देहूरोडच्या माळावर पत्रा नव्हता, खांब नव्हते, त्यामुळे तिथे यंत्र गप्प होतं. बाई जमिनीवर बसून मेजरचं डोकं मांडीवर घेऊन होत्या. मामा कानांवर वाट्या चढवून, दांडा लांबात लांब धरून, अर्धं अंग मागे झुकवून पुढे सरकले. तबकडी कुत्र्याच्या अंगावर पंख्यासारखी हलत होती. शेपटीकडून सुरुवात केली. शांत. मागचे पाय. शांत. पोट आलं. तबकडी पोटावरून छातीकडे गेली आणि वाट्यांतून शिट्टी आली, मला दोन हातांवर ऐकू आली इतकी मोठी.

मामांचे डोळे भरून आले. "हाय," ते म्हणाले. "हितं हाय."

"तिथे पट्टा आहे," बाई म्हणाल्या. "पट्ट्याला पितळेचं बक्कल आहे. मला डोकं सोडता येत नाही. वहिले, तो सोडा."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी पेटीचे पट्टे आणखी घट्ट धरले. मला त्या वेळी त्या पेटीइतकं जगात काहीच प्रिय नव्हतं.

"वहिले," बाई पुन्हा म्हणाल्या, "तो भुकेला आहे आणि दुखतंय त्याला. तुमच्यापेक्षा तोच जास्त भ्यालाय."

हे मामांना कुठेतरी लागलं असावं. भ्यालेल्याची भाषा त्यांना कळत होती. त्यांनी दांडा खाली ठेवला, गुडघे टेकले, डोळे मिटले आणि हात त्या मानेच्या दाट केसांत घातला. बक्कल सुटायला फार वेळ लागला. ते सुटलं तेव्हा मेजरने एक लांब उसासा टाकला आणि हनुवटी मामांच्या मनगटावर टेकवली. मामांनी डोळे उघडले. हात काढायला हवा होता, पण त्यांनी तो काढला नाही.

पट्टा नसताना यंत्राने बारीक घूं घूं केलं. हो म्हणावं तर हो, नाही म्हणावं तर नाही. आम्ही परत फिरवलं, तरी तेच. पण डोकं हलवताना मेजर विव्हळला, तेव्हा बाईंनी त्याचा जबडा उघडून पाहिला. मागची दाढ तुटलेली होती, हिरडी सुजून लाल झाली होती. तो जेवत नव्हता तो दातामुळे. पैसा नाही, तार नाही, खिळा नाही. आमचं कडक बिस्किटच त्याच्या दाढेला लागलं होतं. एवढी वर्षं आम्ही त्यातलं लोखंड शोधत होतो.

मला हसू आवरेना. मामा मात्र हसले नाहीत.

"दात दुकतोय म्हंजी पोटात पैसा न्हाई, असं कुनी सांगितलं?" ते म्हणाले.

बाईंनी जनावरांच्या डॉक्टरकडून दाढ काढवून घेतली, मेजर दूध पिऊ लागला, भाकरी कुस्करून खाऊ लागला. आमच्या जिवात जीव आला, पण अर्धाच. पैसा होताच कुठेतरी. मामा जात राहिले.

दिवाळीआधी साफसफाईला शेठनी कालवायची मशीन पूर्ण खोलायला लावली. गंगूबाई आत हात घालून वाळलेलं पीठ खरवडत होती. पात्याच्या मुळाशी पिठाचा दगडासारखा एक गोळा निघाला. तिने तो आपटला आणि त्यातून भोकाचा पैसा टणकन बाहेर पडला. इतके दिवस तो तिथेच बसून होता. बायका रडल्या. शेठनी पेढे वाटले. मामांनी पेढ्यांवरून आधी चुंबक फिरवला, मग एक खाल्ला. पण सगळे गलका करत असताना ते एका बाजूला बसले होते. सुटकेच्या वेळी माणसं अशी गप्प होतात, म्हणून मी काही विचारलं नाही. त्यानंतर आम्ही बिस्किटांत पाणी वाढवलं आणि ती दाताने तुटतील अशी केली. तो सगळा प्रकार हसण्यावारी गेला.

फाल्गुनात, होळीच्या थोडं आधी, माझी मावसबहीण देहूरोडला राहायची तिच्याकडे मी एका रविवारी गेलो होतो. जाता जाता मेजरची चौकशी करावी म्हणून मॅट्रनबाईंकडे डोकावलो. मेजर अंगाने भरला होता. तो फाटकाशी बसून रस्त्याकडे बघत होता आणि माझ्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

बाईंनी चहा दिला. "वहिले दर रविवारी येतात," त्या म्हणाल्या. "मेजरचं पोट दाबून बघतात. मग त्याला माळावर फिरवून आणतात. म्हणतात, चालल्याने पैसा खाली सरकेल. जाताना म्हणतात, आज काही निघाला नाही, पुढच्या रविवारी बघू."

मी कप खाली ठेवला. पैसा दिवाळीतच सापडल्याचं सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात बाईंनी वॉर्डातली गडबड थांबवावी तसा हात वर केला.

"तुमचे शेठ मला दिवाळीतच येऊन सांगून गेलेत. तुम्ही काही बोलायचं नाही."

मी कप पुन्हा उचलला. मग त्यांनी विचारलं, "वहिल्यांच्या घरी कोण असतं?"

मला माहीत नव्हतं. चिंचवडला त्यांची एक खोली होती, एवढं ठाऊक होतं. इतकी वर्षं हा माणूस आमच्या पानातलं, खिशातलं, कानातलं तपासत होता आणि त्याच्या घरात कोण आहे हे आमच्यापैकी एकानेही कधी विचारलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. "बहुतेक कुणी नाही," मी म्हणालो. बाईंनी मान डोलावली, जणू त्यांना ते आधीच कळलं होतं.

मी निघालो. वळणावर मामा समोरून येताना दिसले. अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून, टोपी नीट बसवून. हातात फडक्यात बांधलेली पोळी होती, तुपाचा डाग फडक्यावर उमटला होता. मला पाहून ते जागच्या जागी थांबले. त्यांच्या तोंडावर पूर्वी मी पाहिलेल्या सगळ्या भीतींहून मोठी भीती होती.

"बाईंकडनं आलास?"

"हो."

"काय सांगितलंस का त्यास्नी?"

"कशाचं, मामा?"

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाले, "पैशाचं."

"तो सापडलाय कुठे अजून?" मी म्हणालो.

मामांनी मान डोलावली, पोळीचं फडकं या हातातून त्या हातात घेतलं आणि पुढे निघाले. फाटकाकडून मेजरचं भुंकणं सुरू झालं होतं. मामांचं पाऊल अडखळलं नाही, उलट जरा उचललंच.